पन्नास चेहऱ्यांचा संकल्प

दिवाळीत वहीपूजन होते, नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहिले जाते आणि पेढीवर येत्या वर्षाचा अंदाज बांधला जातो. माल किती उचलायचा, उधारी किती वसूल करायची, हे सारे आकड्यांत ठरते. ‘यंदा धंदा चांगला करायचा’ एवढेच म्हणून कोणताही व्यापारी थांबत नाही. मात्र त्याच घरातील एखादी मुलगी एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत उत्तम श्रेणी मिळवून रंगपेटी माळ्यावर टाकते. पुढे कधीतरी ती पेटी खाली उतरते, तेव्हा संकल्प होतो तो इतकाच : ‘चित्रकला सुधारायची.’ काय सुधारायचे, किती आणि केव्हापर्यंत, याची नोंद कोणत्याच वहीत नसते.

या बाबतीत व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराचे उदाहरण मननीय आहे. प्रतिभेच्या झपाट्यात रंग उधळणारा वेडा कलावंत, अशी त्याची प्रतिमा लोकमानसात रुजली आहे. धाकटा भाऊ थिओ याला त्याने लिहिलेली पत्रे वाचली, की वेगळाच मनुष्य समोर येतो. स्वतःची उणीव नेमकी हेरून तिच्यावर काम करणारा, जवळजवळ रोजकीर्द ठेवणारा.

व्हिन्सेंटचे घराणे कलाव्यापाराशी निगडित होते. त्याचे काका चित्रांचे व्यापारी. तो स्वतः सोळाव्या वर्षी, १८६९ मध्ये, हेग येथील गूपील या चित्रविक्रेत्या कंपनीत लागला. १८७६ मध्ये त्याला तेथून कमी करण्यात आले. पुढे शिक्षकी झाली, धर्मोपदेशकाचे कामही झाले. कशातच जम बसला नाही. १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार होण्याचे ठरविले. हाती पैसा नव्हता, औपचारिक शिक्षण नव्हते आणि घरच्यांचा विश्वासही फारसा उरला नव्हता.

अशा वेळी त्याने पहिले उद्दिष्ट ठेवले ते ‘मोठा चित्रकार होणे’ हे नव्हे. रेखाटन कच्चे आहे, तेव्हा आधी रेषा पक्की करायची, एवढेच त्याने ठरविले. शार्ल बार्ग याने विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली रेखाटनाची पाने त्याने मागवून घेतली आणि ती पुन्हा पुन्हा गिरवली. ही पाने त्याला कामावरून काढणाऱ्या गूपीलनेच छापलेली होती; तो सल त्याने शिकण्याच्या आड येऊ दिला नाही.

थिओ त्याला दरमहा पैसे पाठवीत असे. भावाच्या मदतीवर जगण्याची बोच व्हिन्सेंटच्या पत्रांतून वारंवार उमटते. १८८४ मध्ये त्याने सुचविले, की आपली चित्रे थिओने या रकमेच्या बदल्यात स्वतःची म्हणून ठेवावीत. उपकाराचे रूपांतर व्यवहारात झाले आणि कामाला शिस्तीचे बंधन आले.

त्याच वर्षीच्या अखेरीस, न्यूनेन या खेड्यात असताना, त्याने थिओला कळविले, की केवळ सरावासाठी आपल्याला पन्नास चेहरे रंगवायचे आहेत. त्या हिवाळ्यात शेतकरी व विणकरांची चाळीसहून अधिक मस्तके रंगवून झाली. त्यांतील बहुतेक चित्रे विकण्यासाठी नव्हतीच. अंधाऱ्या झोपडीतील प्रकाश चेहऱ्यावर कसा पडतो, हे हाताला शिकविणे हाच त्यांचा हेतू होता. त्या सरावातून १८८५ च्या वसंतात ‘बटाटे खाणारे’ हे चित्र आकारास आले.

त्याचे फळ लगेच मात्र मिळाले नाही. एका जवळच्या चित्रकार मित्राने या चित्राच्या शिळाछापावर कठोर टीका केली आणि ती मैत्री त्याच वर्षी संपली. व्हिन्सेंट दुखावला, पण आकृती व रंग यांचा अभ्यास त्याने सोडला नाही.

१८८६ मध्ये पॅरिसला आल्यावर तेथील नव्या चित्रकारांची उजळ चित्रे पाहून आपले रंग काळवंडलेले आहेत, हे त्याने ओळखले. पुढचे उद्दिष्ट ठरले : रंग. प्रतिकृतीसाठी माणसे बसवायला पैसे नव्हते, म्हणून त्या उन्हाळ्यात त्याने फुलेच फुले रंगवली. आरशात पाहून वीसहून अधिक आत्मचित्रे केली. रंगीत लोकरीचे गुंडे भरलेली त्याची एक पेटी आजही जपलेली आहे. दुकानदार साडीवर ब्लाउजपीस टाकून मेळ पाहतो, तसे तो धाग्याशेजारी धागा ठेवून कोणता रंग कोणाजवळ खुलतो हे पाहत असे. दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, आर्ल येथे त्याने सूर्यफुले रंगवली. त्या पिवळ्या रंगामागे ही सारी उजळणी आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. या शिस्तीने व्हिन्सेंटचा हात सुधारला, आयुष्य मात्र सावरले नाही. मानसिक आजाराने तो खचला आणि १८९० मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. आज त्याच्या चित्रांना येणारी किंमत त्याने पाहिली नाही. विक्री, कौतुक, प्रसिद्धी या गोष्टी बाजाराच्या हाती असतात. त्यांना उद्दिष्ट केले, तर पहिल्याच वर्षी वही तोट्यात जाते. पन्नास चेहरे रंगवणे मात्र स्वतःच्या हाती असते.

म्हणून माळ्यावरची रंगपेटी उतरविणाऱ्याने एकच उणीव निवडावी. हात काढता येत नाहीत ना, मग तीन महिन्यांत पन्नास हात काढावेत : पोळी लाटणारे, नोटा मोजणारे, कापड मोजणारे. प्रत्येक कागदावर तारीख घालावी, एकही फाडू नये. अखेरीस पहिला व पन्नासावा कागद शेजारी ठेवून पाहावेत. पन्नासऐवजी चाळीसच झाले, तरी खंत करू नये. राहिलेले दहा शिल्लक बाकी म्हणून नव्या पानावर ओढून घ्यावेत.