वॅलेची खरवड



कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, वीजबिल हे सगळे सोडून चीजवर लेख कशाला, असे पहिल्याच ओळीला विचारणारे भेटतील, म्हणून आधीच सांगतो. शरद जोशी संघटना काढण्याआधी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत अधिकारी होते. १९७७ साली ती नोकरी सोडून ते परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसले. पुढचे तुम्हाला पाठ आहे. पण ज्या देशातून ते आले, तिथला शेतकरी काय पिकवतो, काय खातो आणि त्याचे पैसे कसे करतो, हे आपल्या सभांत कुणी विचारत नाही. ‘तिकडे सगळे हिरवेगार’ एवढ्यावर विषय संपतो.

सगळे हिरवेगार नाही. त्या देशाच्या नैर्ऋत्येला वॅले नावाचा प्रांत आहे. दोन्ही अंगांना उंच डोंगर, पाऊस डोंगरावरच अडतो, आणि खालच्या खोऱ्यात वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पडतो. सोलापूरच्या शेतकऱ्याला हा आकडा ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, की त्यांच्या डोक्यावर बर्फाची टाकी आहे आणि शेकडो वर्षांपूर्वी कडे कोरून काढलेल्या पाटांनी ते पाणी खाली येते. वरच्या उतारावर धान्य होत नाही, गवत होते. गवत गाय खाते, दूध देते, आणि ते दूध डोंगर उतरून बाजारात जाईपर्यंत नासते. म्हणून त्या लोकांनी दुधाचे टिकणारे चाक केले. तेच रॅक्लेट.

आमच्या मोहने-आंबिवलीच्या दुकानात चीज मागितले तर डब्यातले नाहीतर चकचकीत कागदातले चौकोनी तुकडे मिळतात. तयार चीज वितळवून, त्यात क्षार घालून पुन्हा साच्यात ओतलेला तो माल. वाईट नाही, पण बारा महिने तेरा काळ एकच चव लागावी म्हणूनच तो बनवलेला असतो. रॅक्लेटचे उलटे आहे. ताजे, न उकळलेले दूध कोमट करून रेनेटने जमवतात, दही कापतात, थोडे तापवून पाणी काढतात, साच्यात दाबतात, मिठाच्या पाण्यात बुडवतात. मग निदान तीन महिने तळघरात फळीवर ठेवून, अधूनमधून मिठाच्या पाण्याने साल पुसत, मुरू देतात. कृषी महाविद्यालयात हे आम्ही परीक्षेपुरते शिकलो. मुरवणे म्हणजे पैसे आणि माणूस तीन महिने अडकवणे, हा धडा त्यात नव्हता. (माळकरी मंडळींसाठी: पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून काढतात. आपल्याकडे बनणाऱ्या चीजमध्ये बहुधा सूक्ष्मजीवांपासूनचे वापरतात. पाकिटावर वाचून घ्यावे.)

आता नाव. फ्रेंच भाषेत ‘राक्ले’ म्हणजे खरवडणे. रॅक्लेट म्हणजे सरळ खरवड. अर्धे चाक कापलेल्या बाजूने विस्तवासमोर धरायचे, वरचा थर वितळला की सुरीच्या पाठीने ताटलीत खरवडायचा, आणि सालीसकट उकडलेल्या बटाट्याबरोबर गरम गरम खायचा. सोबत व्हिनेगरमध्ये मुरवलेली छोटी काकडी आणि बारके कांदे, वरून काळी मिरी. विस्तवाजवळ बसलेला माणूस एकेकाला वाढत जातो. सगळ्यांची ताटे एकदम वाढायची रीत नाही, कारण निवले की ते चिवट होते. कडेची साल भाजून कुरकुरीत होते, तिच्यावर जाणकारांची नजर असते. दुधाच्या पातेल्याच्या खरवडीसाठी आपल्या घरात पोरे भांडतात, तसेच.

ओळखलेत ना? हा हुरडाच आहे. आगटीभोवती बसायचे, भाजणारा एक, कणीस चोळून गरम दाणे हातावर पडतील तसे खायचे, सोबत चटणी, गूळ, दही. तो घरी नेऊन दुसऱ्या दिवशी खायचा पदार्थ नव्हे.

कुणाच्या पोराला परदेशात किंवा मुंबईच्या मोठ्या दुकानात रॅक्लेट घ्यायची वेळ आली तर पारख ठाऊक असावी. चौकोनी कापलेल्या तुकड्यांचे पाकीट म्हणजे कारखान्याचा, बहुधा पाश्चराइझ केलेल्या दुधाचा माल. विजेच्या शेगडीवर वितळतो, पोट भरते. चव हवी तर चाकातून कापून घ्यावे. साल तांबूस-तपकिरी, किंचित ओलसर, भेगा नसलेली. आतून हस्तिदंती पिवळे, भोके थोडी आणि बारीक. अंगठ्याने दाबले तर दबून परत वर यावे. वास उग्र असतो, त्याला घाबरू नये. पण नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर परत ठेवावे. वितळताना तूप वेगळे सुटून वाहू लागले तर एकतर माल जुना आहे किंवा आच जास्त झाली. माणशी पाव किलो पुरे. आणि चाकाच्या कडेवर कोरलेले नाव वाचावे: बान्य, गोम्स अशी खोऱ्यांची नावे तिथे असतात. कुठल्या खोऱ्याचे यावरून तिथे वाद होतात, जसे आपल्याकडे कुठल्या गावच्या रानातली ज्वारी यावरून होतात.

या कोरलेल्या नावापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण पैसा तिथे आहे. पाच किलोच्या चाकाला साधारण ५० लिटर दूध लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे गायीच्या दुधाला लिटरला पंचवीस-सत्तावीस रुपये मिळत होते. त्या भावाने चाकातले दूध झाले साडेबाराशे ते साडेतेराशे रुपयांचे. वॅलेत तेच चाक तेव्हा शंभर फ्रँकच्या पुढे, म्हणजे त्या वेळच्या आपल्या नऊ-दहा हजारांच्या पुढे जात होते. तिथे मजुरी महाग, दुधाचा भावही आपल्या दुपटीहून जास्त. शिवाय ओईसीडीच्या हिशोबात स्विस शेतकऱ्याच्या मिळकतीचा जवळपास निम्मा भाग अनुदानातून आणि आयातशुल्काने चढ्या ठेवलेल्या भावातून येतो. त्याच तक्त्यात भारताचा आकडा उणे आहे. तेव्हा ‘स्विस शेतकरी बघा कसा हुशार’ असे कुणी साहेब भाषणात म्हणाला तर त्याला हा तक्ता दाखवावा.

पण सगळे सरकारी पैशाने झाले असेही नाही. १९१४ पासून १९९९ पर्यंत त्या देशात ‘चीज युनियन’ होती. भाव तिने ठरवायचा, माल तिने घ्यायचा, तोटा खजिन्याने भरायचा, आणि मोजक्याच दोन-तीन जातींवर सगळा भर. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्यांना जास्त सांगायला नको; आपली एकाधिकार खरेदी १९७२ ला सुरू झाली आणि २००२ ला मोडली. तिकडची युनियन गेली, २००७ ला युरोपशी चीजचा व्यापार खुला झाला. त्यात मार कुणी खाल्ला? एमेंटालने, मोठ्या भोकांच्या त्या जगप्रसिद्ध चीजने. ते नाव घेऊन कोणत्याही देशात कुणीही माल करत होता. वॅलेच्या लोकांनी २००७ ला ‘रॅक्लेट द्यू वॅले’ हे नाव नोंदवून घेतले. नुसता ‘रॅक्लेट’ शब्द त्यांना मिळाला नाही, तो पदार्थाचा शब्द ठरला. प्रांताचे नाव मिळाले, आणि त्यासोबत अटी: दूध त्याच प्रांताचे, न उकळलेले, मुरवण्याची मुदत ठरलेली. अट मोडली तर नाव लावता येत नाही.

आपल्याकडे मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळाले. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ आपण पिढ्यान्‌पिढ्या पेरतो आहोत. पण थंडीत कल्याणच्या बाजारात प्लास्टिकच्या पिशवीतून हुरडा येतो, तो गुळभेंडीचा की सुरतीचा, कुठल्या रानातला, हे विकणाऱ्याला सांगता येत नाही आणि घेणारा विचारत नाही. भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र भाव देत नाही. पोते कुणाचे हे तपासणारी माणसे पिकवणाऱ्यांतलीच हवीत. सरकारी निरीक्षकाकडे ते काम दिले तर त्याचे काय होते हे आपण ग्रेडरच्या टेबलापाशी पुष्कळ वर्षे पाहिले आहे.

१ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंडसह चार देशांशी भारताचा व्यापार करार लागू झाला. दुग्धजन्य पदार्थ आपण त्यातून बाहेर ठेवले. माझे मत विचाराल तर रॅक्लेट आले असते तरी आपला एकही गोठा बंद पडला नसता. एवढ्या महाग मालाचा आणि आपल्या कॅनमधल्या दुधाचा सामनाच नाही. धास्ती घ्यायची ती स्वस्त दूध भुकटीची, आणि ती स्विस डोंगरातून येत नाही.

पौष-माघातल्या जिल्हा बैठकीला हुरडा ठेवायचा असे ठरते आहे. प्रत्येक तालुक्याने आपली कणसे वेगळी बांधून आणावीत, पेंढीला वाणाचे आणि गावाचे नाव लावून. आगट्या वेगवेगळ्या पेटवू. चव घेतल्यावर ज्याला जे म्हणायचे ते त्याने तिथेच मोठ्याने म्हणावे.