ख्यालाची ओळख आणि यादीवाले

कोणी स्नेही सहज येऊन विचारतो, "ते शास्त्रोक्त गाणे ऐकावे असे फार दिवस मनात आहे, आरंभ कोठून करावा?" आणि आपल्यापैकी जे स्वतःस जाणकार म्हणवितात त्यांच्या अंगात त्या क्षणी व्याख्याता संचारतो. दहा थाट, वादी-संवादी, घराण्यांच्या वंशावळी आणि शेवटी पन्नास ध्वनिमुद्रिकांची यादी एवढे सारे त्या गरिबाच्या पदरात पडते. तो यादीची घडी करून खिशात घालतो, आभार मानतो आणि पुन्हा त्या वाटेस फिरकत नाही. पुढे हेच जाणकार 'हल्ली रसिकता उरली नाही' म्हणून हळहळतात. आमच्या मते, रसिकता मारणाऱ्यांत पहिला मान या यादीवाल्यांचाच आहे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांस हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू झालेला महोत्सव ज्यांच्या दाराशी भरतो, त्यांनी मित्रास खुशाल मांडवात नेऊन बसवावे. आमच्या करमाळ्याची गोष्ट निराळी. येथे कमलाभवानीच्या देवळाची सनई कानी पडते, सप्ताहात टाळ-मृदंग घुमतो, भजनी मंडळीत एखादा असा गळाही निघतो की ऐकणाऱ्याने थबकावे. परंतु ख्यालाची मैफल ऐकावयाची म्हणजे जेऊर गाठून आगगाडी धरणे आले. अशा गावी 'समोर बसून ऐकले तेच गाणे, तबकडीतले ते गाणेच नव्हे' हे सूत्र सांगणे म्हणजे 'तुम्ही ऐकूच नका' असे सभ्यपणे बजावणे होय.

हा दोष आम्ही दुसऱ्यांच्याच माथी मारीत नाही. आमचे एक वकील स्नेही आहेत. भजनाचे मोठे शोकी. त्यांनी वरील प्रश्न विचारला तेव्हा आम्हीही त्यांस तासाभराचा दरबारी ऐकविला, आणि तोही 'येथे गंधार कसा आंदोलित होतो पाहा' असे दर दोन मिनिटांस मध्ये बोलून. विलंबित संपण्यापूर्वीच वकीलसाहेबांचे डोळे मिटले. ती समाधी होय असे आम्हांस काही वेळ वाटले. मग घोरणे ऐकू आले. त्यानंतर कित्येक वर्षे ते आमच्या घरी चहास येत, पण गाण्याचा विषय निघाला की घड्याळाकडे पाहत. दरबारीचा यात काडीमात्र अपराध नव्हता.

आता दुसरे दृश्य पाहा. गदगच्या एका दुकानात अब्दुल करीमखाँची झिंझोटीतली ठुमरी वाजत होती आणि एक शाळकरी पोर ती ऐकत उभा होता. त्याला कोणी थाट सांगितला नव्हता, किराणा घराणे म्हणजे काय हे समजाविले नव्हते. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तेच पुढचे भीमसेन जोशी. अशी माणसे शतकातून एखादीच निपजतात हे आम्हांसही कळते. सर्वांनी घर सोडावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु ज्या वस्तूने ते मूल बाहेर ओढले ती तीनएक मिनिटांची एक तबकडी होती, हे विसरून कसे चालेल?

यावर विद्वानांचा आक्षेप ठरलेला आहे: तीन मिनिटांत ख्याल मावत नाही. खरे आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून लाँगप्ले तबकडी येईपर्यंत प्रत्येक गवयास आपले गाणे त्या चिमुकल्या मापात बसवावे लागले. सावकाश चाललेली बढत त्यात कापली गेली, आलाप आखूड झाला, तान घाईची झाली. फैयाजखाँसारखा पुरुष तर तबकडीत अर्धाही उतरला नाही असे त्यांस प्रत्यक्ष ऐकलेले लोक सांगत असत. अल्लादियाखाँसाहेबांची तबकडीच नाही. हे सारे आम्ही मान्य करतो. परंतु परिपूर्ण ख्याल काय आहे हा प्रश्न वेगळा, आणि त्याच्या उंबरठ्यावर परक्या माणसाने प्रथम पाऊल कोठे ठेवावे हा वेगळा. कमलाभवानीच्या शहाण्णव पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी पाहावयास आलेल्या पाहुण्यास आपण काठावरून ढकलून देत नाही. शिवाय तीन मिनिटांच्या गाण्याचा एक गुण मैफलीतही नाही: ते संपताच पुन्हा लावता येते. नवख्या कानास एका प्रदीर्घ रागापेक्षा एकच लहान चीज वीस वेळा ऐकणे अधिक शिकविते, कारण विसाव्या वेळी पुढचा स्वर येण्यापूर्वीच त्याची वाट पाहणे सुरू होते. राग ओळखणे म्हणजे तरी याहून काय निराळे?

वडीलधाऱ्या मंडळींचा दुसरा उपाय नाट्यसंगीताच्या शिडीचा. आधी बालगंधर्व ऐकवा, मग आपोआप मित्र ख्यालावर चढेल. भास्करबुवा बखल्यांनी 'स्वयंवरा'स (१९१६) दिलेल्या चाली रागदारीच्या किती जवळ होत्या हे आम्ही जाणतो, आणि एका पिढीपुरता तो दरवाजा खरोखरच उघडा होता. पण त्या पिढीने नाटक पाहिले होते. रुक्मिणी रंगभूमीवर उभी होती, पद तिच्या तोंडून येत होते. आजच्या तिशीतल्या मित्रास ते नाटकही परके आणि पदाची भाषाही परकी. त्यास नाट्यपदाचीच आधी ओळख करून द्यावी लागेल. शिडीवर चढण्यासाठी दुसरी शिडी! शिवाय या उपायात एक अपमान दडलेला आहे: मित्रास हलकेच रुचेल, भारी झेपणार नाही, असे त्यास न विचारता आपण ठरवून टाकतो.

आम्ही अब्दुल करीमखाँपासून आरंभ करावा म्हणतो तो ते सोपे म्हणून नव्हे. आग्र्याची लयकारी किंवा जयपूरची गुंतलेली तान समजण्यास कानाला थोडी तालीम लागते. मिरजेस वास्तव्य केलेल्या या गवयाचा मात्र सारा भर स्वरावर. स्वर लागला आहे हे कळण्यासाठी ज्ञान लागत नाही, आणि ज्याने जन्मभर एकतारीवर अभंग ऐकले त्यास तर मुळीच लागत नाही. त्यानंतर त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर. मग केसरबाईंची भैरवी. एवढ्यावर कित्येक महिने थांबावे. अमीरखाँचा लाँगप्ले तबकडीवरचा मारवा मित्राने स्वतः 'याहून सावकाश काही आहे का?' असे विचारल्यावाचून काढू नये.

केसरबाईंचे नाव घेतले म्हणून एक गोष्ट सांगतो. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अंतराळात सोडली. परलोकीच्या कोणा अज्ञात श्रोत्यासाठी त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली. कार्ल सेगन यांच्या मंडळाने पृथ्वीवरचे सत्तावीस संगीताचे तुकडे निवडले. त्यांत भारताचा एकच, रॉबर्ट ब्राउन या संगीताभ्यासकाने सुचविलेला: केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. तिच्या प्रती न्यू यॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, धूळ खात पडलेल्या खोक्यात सापडल्या. दुसरे यान सुटले ५ सप्टेंबरला. केसरबाई वारल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेस. ज्याच्याशी आपली काहीच ओळख नाही, ज्यास कान आहेत की नाहीत हेही ठाऊक नाही, त्यास भारतीय गाणे ऐकवावयाचे तर काय द्यावे, हा आमच्या वकीलमित्राच्याच प्रश्नाचा थोर अवतार होता. त्या मंडळींनी दीड तासाचा ख्याल पाठविला नाही. तबकडीच्या वेष्टनावर सुई कोठे ठेवावी व ती किती वेगाने फिरवावी हे खुणांनी कोरले. भैरवीचे वादी-संवादी कोरले नाहीत.

आज हे सारे गाणे प्रत्येकाच्या खिशातल्या यंत्रात फुकट पडलेले आहे, तेव्हा सुचविणाऱ्याची गरजच काय, असे कोणी म्हणतील. उलट आता ती अधिक आहे. पूर्वी घरात चारच तबकड्या असत आणि नाइलाजाने त्या पुन्हा पुन्हा वाजत. घरच्या पोरांस त्या पाठ होत. आता एक आवडली नाही की बोट फिरवून दुसरी, आणि पाच मिनिटांत मित्र सिनेमाच्या गाण्यावर परतलेला असतो. त्या अफाट पसाऱ्यातून एकच वस्तू उचलून 'आज एवढेच' म्हणण्याचे धैर्य यादीवाल्यास होत नाही. यादी लांब असली म्हणजे त्याची विद्वत्ता दिसते ना!

वकीलसाहेबांस अलीकडे आम्ही ती झिंझोटी ऐकविली. या खेपेस आम्ही काही बोललो नाही. लावली आणि चहा सांगावयास आत गेलो. परत आलो तेव्हा ती संपली होती, आणि ते यंत्र हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, ती पुन्हा कशी लावावयाची हे शोधीत होते.