अरमंडीची शिल्लक, बारबेलच्या खात्यात

"सात वर्षं भरतनाट्यम् केलं, अरंगेत्रम तोंडावर आलं आणि आता पोरगी म्हणतेय वेटलिफ्टिंग करायचंय. सगळं पाण्यात गेलं गं!" असं दोन-तीन मैत्रिणींकडून ऐकलं. मी पडले सीए, म्हणून हिशोबच मांडते: ही रक्कम बुडीत खात्यात टाकू नका. बरीच शिल्लक पुढच्या वहीत ओढता येते. सगळी मात्र नाही.

काय पुढे जातं? ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमध्ये प्रकार दोनच. स्नॅचमध्ये बार एका दमात डोक्यावर, क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर, मग डोक्यावर. दोन्हीत बार वर खेचण्याइतकंच त्याच्याखाली झटकन बसणं महत्त्वाचं. बसताना छाती वर, पाठ ताठ, गुडघे पावलांच्या दिशेने बाहेर. अरमंडीत गुरू वर्षानुवर्षं हेच तर घोकून घेतात! शिवाय लय. बार जमिनीवरून सावकाश सुटतो आणि मांडीपाशी आल्यावर जोर लागतो. विलंबित आणि द्रुत अंगात मुरलेल्या मुलीला हे पटकन कळतं. एकच अडवू शंभरदा करायची चिकाटी तर आहेच.

काय पुढे जात नाही? ताकद. अरमंडी ही अर्धी बैठक, टाचा जवळ. इथे पाय साधारण खांद्याइतके लांब, पूर्ण खाली बसायचं, तेही वजन घेऊन. म्हणून "डान्सर आहे, लगेच जमेल" म्हणत घाई नको. बायकांचा नुसता बारच 15 किलोचा असतो. आधी हलकी काठी, मग बार, मग वजन.

"उंची खुंटेल" ही भीतीही सोडा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 2020 मध्ये स्पष्ट म्हटलंय की जाणकार देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेला वजनांचा व्यायाम मुलांच्या वाढीला बाधक नाही. कोच मात्र पारखून घ्या.

दुसऱ्या खेळातून इथे येणं नवीन नाही. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकची सुवर्णविजेती टारा नॉट आणि टोकियोची रौप्यविजेती केट नाय, दोघीही आधी जिम्नॅस्टिक्स करायच्या. आणि "मुलींना शोभतं का?" विचारणाऱ्यांना आपल्या वडगाव मावळची हर्षदा गरुड सांगा. 2022 मध्ये ग्रीसला 45 किलो गटात एकूण 153 किलो उचलून ती ज्युनियर विश्वविजेती झाली. हे सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय!

अरंगेत्रम करायचं की नाही, हे लेकीशी शांतपणे बोलून ठरवा. फक्त "एवढे पैसे घातले" हे कारण देऊ नका. होऊन गेलेला खर्च पुढच्या निर्णयात धरायचा नसतो, हे आम्हाला कॉस्टिंगच्या पेपरात शिकवतात. घरी मात्र आपण सगळेच विसरतो.

तुमच्याकडे कोणी नाच आणि वजनं दोन्ही करतंय का? नक्की लिहा.