हातून होईल ते

मुलांनो, मराठीत आपण 'शब्द देतो' म्हणतो. तुर्की लोकही तसेच म्हणतात : 'सोझ वेरियोरुम'. 'सोझ' म्हणजे शब्द. पण मला त्यांचे दुसरे वाक्य अधिक प्रामाणिक वाटते : 'एलिमदेन गेलेनी यापाजाअम', म्हणजे माझ्या हातून होईल ते सारे करीन. परीक्षेआधी तुम्ही अब्बांना 'पहिला नंबर आणीन' असा शब्द देऊन बसता ना? नंबर आपल्या हातात कुठे असतो? पहाटे उठून गणिते सोडवणे मात्र असते. तेवढेच कबूल करावे. आणि गंमत पाहा! स्वाभिमानासाठी तुम्ही उर्दूत 'ग़ैरत' म्हणता. अरबीतून आलेला तोच शब्द तुर्कीत 'गायरेत' आहे. तिथे त्याचा अर्थ होतो, प्रयत्न.