अमेंडमेंट एचपुढची जागा कोरी सोडू नका!

कोलोरॅडोतील मराठी मतदारांनो,

2024 च्या निवडणुकीचे बॅलट घरी येऊन पडले आहेत आणि दिवाळी फराळाला भेटणारा जो तो सांगतो, "अध्यक्षाचं भरलं, खालचं सोडून दिलं." त्या खालच्यातच अमेंडमेंट एच आहे! न्यायाधीशाने गैरवर्तन केले तर त्याला शिक्षा कोणी करायची, पदावरून कोणी काढायचे, हे ठरवणारी घटनादुरुस्ती.

आज तक्रार, चौकशी, सुनावणी सगळे बंद दाराआड चालते आणि शेवटचा शब्द राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा. म्हणजे न्यायाधीशांचा न्याय न्यायाधीशच करणार. 2019 साली याच न्यायविभागाने, गैरवर्तनाचे आरोप होऊन बाहेर पडलेल्या एका अधिकाऱ्याला सुमारे 25 लाख डॉलरचे प्रशिक्षणाचे कंत्राट दिले. आपल्या करातून! बोभाटा झाल्यावर ते रद्द केले. पण त्या कंत्राटाला मान्यता देणाऱ्या सरन्यायाधीश नेथन कोट्स यांच्यावर जाहीर ठपका ठेवायला ऑगस्ट 2023 उजाडला. तोवर ते निवृत्तही झाले होते.

एच मंजूर झाली तर अशा आरोपांच्या निवाड्यासाठी 12 जणांचे स्वतंत्र मंडळ येईल: 4 जिल्हा न्यायाधीश, 4 वकील, 4 सामान्य नागरिक. रीतसर आरोप दाखल झाले की कामकाज सर्वांना खुले.

"न्यायाधीश दबावाखाली येतील" म्हणे. निकाल पटला नाही तर अपील आहे. इथे प्रश्न गैरवर्तनाचा आहे. "न्यायाधीश ठेवायचा की नाही, यावर आपण मत देतोच की." देतो, पण त्याच्यावरचे आरोप आपल्यापासून दडवलेले असताना!

आठवा, 1993 साली भारतात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामींना हटवण्याचा ठराव लोकसभेत पडला. बाजूने 196, विरोधात एकही नाही, आणि 205 खासदार तटस्थ. त्या गप्प बसणाऱ्यांना आजही नावे ठेवणाऱ्यांनी स्वतःचे मत वाया घालवावे? गणेशोत्सवात आपल्या मराठी मंडळाने मतदारनोंदणीचे टेबल लावले, ते काही फोटोपुरते नव्हते.

मंजुरीला 55 टक्के मते लागतात. आजच बॅलट काढा, एचपुढे 'हो' भरा, लिफाफ्यावर सही करा; सहीवाचून मत मोजत नाहीत. आता टपालाने पाठवू नका, वेळेत पोचणार नाही. ड्रॉप बॉक्समध्येच टाका. नोंदणी राहिली असेल तर मतदान केंद्रावर मतदानाच्या दिवशीही होते. ग्रीन कार्डवाल्यांना मत नाही, पण गाडी आहे: आजी-आजोबांना घेऊन जा. मंगळवार, 5 नोव्हेंबर, संध्याकाळी 7 च्या आत.