मोडाची ज्वारी व वाऱ्याची सोय

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत कापूस व सोयाबीन यांनीं ज्वारीचा पेरा मागें सारला आहे. तरी संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें साल भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यापासून, ज्वारीस मोड आणून, ती वाळवून तिचें पीठ विकावें असें पुष्कळ मंडळींनीं मनावर घेतलें आहे. हा विचार आम्हांस मान्य आहे. मतभेद आहे तो त्यासाठीं घेतल्या जाणाऱ्या यंत्रांविषयीं.

आमच्या माहितीच्या एका बचतगटानें कर्ज काढून पत्र्याचें बंद कपाट घेतलें. विक्रेत्यानें तापमानाची कळ दाखविली. वारा कोठून येणार व कोठें जाणार, हें कोणीं विचारलें नाहीं. भाद्रपदांत पहिलाच घाणा आंबला, बुरशी चढली, व सर्व माल उकिरड्यावर गेला. हप्ते मात्र चालूच राहिले.

मोड येणारा दाणा श्वास घेतो. प्राणवायु घेऊन तो कर्बवायु व उष्णता बाहेर टाकतो. भिजलेल्या धान्याच्या ढिगांत हात घातल्यास ही ऊब कोणासही कळेल. कर्बवायु जड असल्यामुळें तळाशीं सांचतो व तेथील दाणा गुदमरतो. यावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समध्यें सालादँ याच्या नांवाची पेटी निघाली. तिचा तळ सच्छिद्र. खालून ओला, थंड वारा सोडावयाचा व धान्य फिरत्या मळसूत्रांनीं उलथावयाचें. ती सातूसाठीं होती, पण तत्त्व ज्वारीसही लागू आहे. मात्र ज्वारीस २५ ते ३० अंश ऊब हवी.

वैशाखांत ज्याच्यापुढें आपण बसतों तो कूलर दुसरें काय करतो? कोरडा तप्त वारा ओल्या ताट्यांतून आला कीं थंड व दमट होतो. परंतु कूलर धान्यावर रोखूं नये. वरचा थर सुकतो. ताट्यांतून आलेला वारा जाळीखालच्या पोकळींत सोडावा. कूलरच्या पंख्यास जोर थोडा, म्हणून थर चार बोटांहून जाड नसावा. जाड हवा असल्यास लोहाराच्या भट्टीस लावतात तसा ब्लोअर घ्यावा. दिवसांतून तीन-चार वेळां हातानें धान्य उलथावें, ताट्या व पाणी स्वच्छ ठेवावें. श्रावण-भाद्रपदांत हवाच दमट असल्यानें ही युक्ति चालत नाहीं. तेव्हां हें काम बंद ठेवणें बरें. हिवाळा सर्वांत सोयीचा. रात्रीं गारठ्यांत पोतें पांघरलें म्हणजे झालें.

एक गोष्ट विसरूं नये. गुरांस किरळ लागते ती कोवळ्या ज्वारींतील विषामुळें, आणि तेंच विष मोडांत व मुळ्यांत उतरतें. दाणे वाळवून, चोळून, पाखडून मोड-मुळ्या पूर्ण काढल्याखेरीज दळूं नये. हें पीठ लहान मुलांच्या पोटांत जावयाचें आहे.

आमचें आयुष्य तहसिलींत जमाखर्च पाहण्यांत गेलें. २०२० सालीं सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेंत ३५ टक्के अनुदान ठेवलें होतें. तेवढ्यावरून महाग कपाट स्वस्त ठरविणाऱ्यांनीं उरलेल्या ६५ टक्क्यांचा हिशेब केला नाहीं. जाळी, ब्लोअर व एक तापमापक एवढ्यावर गटानें आधीं एक हिवाळा काढावा; कपाटाचें मग पाहतां येईल.