खुर्चीला पैसा आहे, हाताला नाही

रमजानचे दिवस होते. ओळखीच्या एका गृहस्थांचा फोन आला. "जकात काढायची आहे. तुमच्या त्या शाळेला चार व्हीलचेअर द्याव्या म्हणतो."

शाळा माझी नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बौद्धिक अक्षम आणि बहुविकलांग मुलांसाठी ती चालते. तिचे अर्ज आणि पत्रं मी अधूनमधून लिहून देतो, एवढाच संबंध. मी मुख्याध्यापिकांना विचारलं. त्या म्हणाल्या, "भाई, व्हीलचेअर सहा पडून आहेत. मुलांना उचलून त्यात बसवणारी आया दिवाळीनंतर काम सोडून गेली. पाच महिन्यांचा पगार थकला होता तिचा. पगाराचं कुणी बघतं का, तेवढं विचारा."

मी तसं सांगितलं. गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पगाराला जकात कशी द्यायची?"

त्यांच्या प्रश्नाकडे मी शेवटी येतो. कारण आधी हाच प्रश्न सरकारला विचारायला हवा. पगाराला पैसा का नाही?

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात एकवीस झाले. चांगलंच झालं. पण याच कायद्याची दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. कलम ५० म्हणतं, नोंदणी प्रमाणपत्राशिवाय कुणालाही दिव्यांगांसाठी संस्था चालवता येणार नाही. कलम ५५ म्हणतं, नोंदणी झालेल्या संस्थांना सरकार आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत अर्थसाहाय्य देऊ शकेल. संस्थेला सक्ती आणि सरकारला सवलत! प्रकार तिप्पट केले, पण त्यांची सेवा करणाऱ्यांना पैसे देण्याचं बंधन स्वतःवर घेतलं नाही.

शिक्षकांचं पाहा. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार या क्षेत्रातल्या व्यावसायिकाने प्रशिक्षण घेऊन नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय काम केल्यास एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. इतकी कडक अट ज्या शिक्षकाला, त्याला केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेत मिळतं ते मानधन. ही योजना खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत अनुदान देते. ऐकायला भरपूर वाटतं. पण ते नव्वद टक्के खऱ्या खर्चाचे नाहीत, सरकारने ठरवून दिलेल्या दरांचे आहेत. भाडं, डिझेल, वीज त्या दरांना विचारून वाढत नाहीत.

आणि तेही वेळेवर नाही. पोर्टलवर अर्ज, मग तपासणी, जिल्ह्याची शिफारस, राज्याची शिफारस, शेवटी दिल्ली. वाटेत कुठे त्रुटी निघाली की फाइल खाली. पगार मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला द्यायचा असतो. मधल्या काळात संस्था काय करते? उधारी. उधारी संपली की आया जाते, मग शाळेची गाडी बंद होते, मग लांबच्या वस्तीवरचं मूल घरीच राहतं. कागदावर शाळा चालूच असते.

विनाअनुदानित विशेष शाळांची तर गोष्टच वेगळी. तिथले शिक्षक अनुदानाच्या आशेवर वर्षानुवर्षं काढतात. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग जाहीर केला. त्याआधी 'अपंग'चं 'दिव्यांग' झालंच होतं. नाव बदललं, विभाग बदलला. आयाचा पगार तेवढा राहिला.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. बोगस संस्था खूप आहेत, म्हणून तपासणी लागते. मान्य. पटावर मुलं आणि वर्गात धूळ, असे प्रकार झालेत. जरूर तपासा, न सांगता येऊन तपासा. पण उशीर म्हणजे तपासणी नव्हे. बोगस संस्थेला उशिराचा त्रास होतच नाही, कारण तिला पहिल्या तारखेला कुणाचा पगार द्यायचा नसतो. उशिराने मरते ती खरी संस्था.

हे काम माणसांशिवाय होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात मान्य केलं. सर्वसाधारण शाळांत प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण पुढे २०२२ मध्ये केंद्र सरकारने सांगितलं. दहा मुलांमागे अमुक इतक्या खुर्च्या, असं नाही सांगितलं.

आता आपल्या घरात पाहू. सूरह अबसाचा प्रसंग आपल्याकडे प्रत्येक वाझमध्ये येतो. अंध सहाबी अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) यांच्याकडे क्षणभर दुर्लक्ष झालं, तर थेट वही उतरली. पुढे प्रेषितांनी (स.) मदीनेबाहेर जाताना त्यांच्यावर शहराची जबाबदारी सोपवली. हे सांगताना आपला गळा दाटून येतो. आणि आपल्याच मशिदीच्या दारात सात पायऱ्या असतात, रॅम्प नसतो.

उमय्या खलिफा वलीद (७०५ ते ७१५) याच्याबद्दल इतिहासकार लिहितात की त्याने अपंगांना सेवक आणि अंधांना वाटाड्या नेमून दिला. लक्षात घ्या, काठी नाही दिली, माणूस दिला. कैरोत सुलतान कलावूनने १२८४ मध्ये उभारलेला दवाखाना वक्फच्या उत्पन्नावर चालायचा आणि त्यातूनच हकीम आणि सेवकांचे पगार निघायचे. दर महिन्याचा खर्च दर महिन्याच्या उत्पन्नातून भागला पाहिजे, हे त्यांना कळत होतं. आपण मात्र वक्फच्या गाळ्यांची भाडी वर्षानुवर्षं वाढवत नाही आणि रमजानमध्ये फोटो काढून तीनचाकी वाटतो.

आता गृहस्थांचा प्रश्न. आपल्याकडचे बहुतेक उलेमा सांगतात, जकात हकदाराच्या मालकीत गेली पाहिजे, थेट पगाराला चालत नाही. मी तो मसला मोडा म्हणत नाही. पण वाट त्यातच आहे. मुलाचे आईबाप हकदार असतील तर जकात त्यांच्या हाती द्या, ते शाळेची फी भरतील, फीतून आयाचा पगार होईल. नफली सदक्याला आणि लिल्लाह रकमेला तर ही अडचणही नाही. आपल्या आलिमांना विचारा, पण विचारा तरी.

मात्र एक गोष्ट स्पष्ट असू द्या. आपली जकात सरकारची जबाबदारी झाकण्यासाठी नाही. हक्क हा हक्क आहे, खैरात नव्हे. कलम ५५ मधलं 'देऊ शकेल' जाऊन 'देईल' यायला हवं. अनुदान दर तिमाहीला आगाऊ मिळावं, हिशोब नंतर कडक घ्यावा. दर किमान वेतनाशी जोडावेत. आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ते आपल्या गावात कुठे गेले, हे ग्रामसभेत उभं राहून विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्या गृहस्थांनी अखेर तीन हकदार पालकांना जकात दिली. शाळेत आया परत आली आहे. सात महिन्यांच्या पगाराची सोय झाली. आठव्या महिन्याचं उत्तर आपल्याकडे नाही. ते ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे शाळेची फाइल पडून आहे.